फ्लेम डिटेक्टर वारंवार फॉल्ट किंवा खोटा अलार्म देत असेल तर कोठून सुरुवात करावी आणि कोठे थांबावे

सॉल्व्हंटच्या टाक्यांचा परिसर, टँकर भरण्याची गॅन्ट्री, ड्रम फिलिंगची शेड, कॉम्प्रेसर हाऊस अशा ठिकाणी बसवलेल्या ऑप्टिकल फ्लेम डिटेक्टरबद्दल, म्हणजे ज्वालेचे किरण ओळखून आगीचा इशारा देणाऱ्या यंत्राबद्दल, हे टिपण आहे. बॉयलरच्या बर्नरवरचा फ्लेम स्कॅनर ही वेगळी वस्तू आहे. बर्नरची ज्वाला चालू आहे की विझली एवढेच तो पाहतो, त्यामुळे येथील तपासण्या त्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. कोकणपट्टीतील रासायनिक वसाहतींत ही तक्रार पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दवाच्या दिवसांत सर्वाधिक येते, आणि बहुतेक वेळा डिटेक्टर बदलून टाकण्याचा निर्णय काच पुसण्याच्या आधीच झालेला असतो. डिटेक्टर महाग असतो आणि त्याच जागी बसवलेला नवा डिटेक्टरही काही आठवड्यांत तीच तक्रार करू लागतो, म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे.

लक्षणे

सर्वप्रथम पॅनेलवर, म्हणजे सर्व डिटेक्टर ज्याला जोडलेले असतात त्या नियंत्रण फलकावर, नेमके काय दिसते ते पाहावे, कारण 'डिटेक्टर वाजतोय' या एका वाक्यात दोन भिन्न तक्रारी लपलेल्या असतात. पिवळा दिवा म्हणजे फॉल्ट, अर्थात डिटेक्टर किंवा त्याची वायरिंग सध्या भरवशाची नाही. लाल दिवा म्हणजे अलार्म, अर्थात डिटेक्टरला ज्वाला दिसली, किंवा ज्वालेसारखे काहीतरी दिसले. पहिल्या तक्रारीचे कारण यंत्रात, काचेवर किंवा केबलमध्ये शोधायचे असते. दुसरीचे कारण बहुधा यंत्राच्या समोर असते.

फॉल्टची नेहमीची रूपे अशी आहेत. एकाच डिटेक्टरचा फॉल्ट रीसेट केल्यावर जातो आणि काही मिनिटांत परत येतो. फॉल्ट पहाटे येतो आणि ऊन चढल्यावर आपोआप जातो. पाऊस लागला की फॉल्ट येतो आणि उघडीप मिळाली की जातो. एकाच केबलवरील सर्व डिटेक्टर एकदम फॉल्टमध्ये जातात. पॅनेल अर्थ फॉल्ट (तार जमिनीला टेकल्याची खूण) दाखवते, पण कोणत्या डिटेक्टरचा ते सांगत नाही.

खोट्या अलार्मचीही ठरलेली रूपे आहेत. तो रोज साधारण एकाच वेळी येतो, किंवा जवळपास वेल्डिंग चालू असताना येतो, किंवा वीज चमकली की येतो, किंवा एखादी मोठी मोटर सुरू होताना येतो. सर्वांत गोंधळात टाकणारा अलार्म रात्री, परिसरात कोणतेही काम चालू नसताना येतो.

तिसरे लक्षण आवाज करत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. पॅनेलवर सर्व काही ठीक दिसते, फॉल्ट नाही, अलार्म नाही, पण चाचणीचा दिवा (ज्वालेसारखे किरण सोडणारा) समोर धरला तरी डिटेक्टर ढिम्म राहतो. पहिल्या दोन तक्रारींपेक्षा ही अधिक धोकादायक आहे.

हात लावण्यापूर्वी

कारण सिद्ध होईपर्यंत प्रत्येक अलार्म खरा समजावा. 'तो रोजच वाजतो' म्हणून माणूस न पाठवता पॅनेल रीसेट करणे हा निवारणाचा भाग नाही. आधी कोणीतरी जाऊन प्रत्यक्ष जागा पाहून यावे, त्यानंतरच हत्यारे काढावीत.

तपासणी सुरू करण्यापूर्वी त्या डिटेक्टरचा अलार्म पुढे कशाला चालना देतो ते कॉज अँड इफेक्ट तक्त्यात पाहावे. डेल्यूज व्हॉल्व्ह (आगीवर पाण्याचा मोठा फवारा सोडणारा), फोम, पंप बंद होणे, संपूर्ण युनिटचे शटडाऊन यांपैकी जे जोडलेले असेल ते रीतसर परवानगीने इनहिबिट करावे, म्हणजे तात्पुरते रोखून ठेवावे, त्याची नोंद शिफ्टच्या वहीत लिहावी, आणि तेवढा वेळ त्या जागेवर अग्निशामकासह एक माणूस उभा करावा. झोन १ किंवा झोन २ मध्ये, म्हणजे ज्वलनशील वाफ असू शकणाऱ्या क्षेत्रात, गॅस तपासणी आणि वर्क परमिट याशिवाय कोणतेही झाकण उघडू नये. फ्लेमप्रूफ आवरणाचे, म्हणजे आतला स्फोट बाहेर पसरू न देणाऱ्या आवरणाचे, झाकण विद्युतपुरवठा चालू असताना उघडले, तर ते आवरण ज्या एका कारणासाठी बनवले आहे तेच आपण रद्द करतो.

पहिली तपासणी: वेळेची नोंद

या तपासणीला काहीही खर्च येत नाही आणि खोट्या अलार्मच्या बाबतीत तिच्याइतकी उपयोगी दुसरी तपासणी नाही. पॅनेलच्या इव्हेंट लॉगमधून मागील काही आठवड्यांचे सर्व फॉल्ट आणि अलार्म सेकंदासह काढावेत आणि ते चार गोष्टींशेजारी ठेवून पाहावेत: हॉट वर्क परमिटची (वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामांच्या परवान्यांची) फाईल, गेटवरील टँकरची नोंदवही, मोठ्या मोटरांच्या सुरू-बंदच्या वेळा आणि हवामान. डिटेक्टर हार्ट किंवा मॉडबसवर (माहिती पाठवण्याच्या डिजिटल पद्धतींवर) बोलणारा असेल तर त्याच्या स्वतःच्या स्मृतीतील नोंदीही वाचाव्यात, कारण अलार्म कोणत्या सेन्सरमुळे आला आणि त्या क्षणी पुरवठ्याचा व्होल्टेज किती होता हे काही बनावटी नोंदवून ठेवतात. पॅनेलचे आणि प्रक्रियेच्या संगणकाचे घड्याळ जुळते का हे मात्र आधी पाहून घ्यावे. दोन घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असेल तर भलतेच कारण दोषी ठरते.

सायंकाळी एकाच सुमारास येणारा अलार्म पाहिला की मी आधी सूर्याची दिशा पाहतो, त्यानंतर पाळी बदलण्याची वेळ पाहतो. रात्रीच्या अलार्मसाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: शेजारच्या युनिटमध्ये पाइपच्या जोडांची रेडिओग्राफी (किरणांनी आतील दोष तपासण्याचे काम) चालू होती का? हे काम माणसे नसताना, म्हणजे बहुधा रात्री केले जाते, आणि यूव्ही नळी (अतिनील किरण ओळखणारी) असलेले डिटेक्टर गॅमा किरण आणि क्ष-किरण यांना प्रतिसाद देतात. ही नळी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरच्याच कुळातील वायुभरित नळी असल्यामुळे त्यात नवल नाही. मधली भिंत किंवा धातूचे आवरणही या किरणांना पूर्ण अडवत नाही, त्यामुळे डिटेक्टरला स्रोत 'दिसण्याची' गरजच उरत नाही.

दुसरी तपासणी: पॅनेलवर बसूनच मोजायचा करंट

चार ते वीस मिलिअँपिअरचा लूप असेल, म्हणजे डिटेक्टर आपली स्थिती तेवढ्या करंटने कळवत असेल, तर डिटेक्टरपर्यंत जाण्यापूर्वी पॅनेलवरच बरेच कळते. इनपुटवर २५० ओहमचा रोधक असल्यास लूप तोडण्याची गरज नाही. रोधकाच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावा. १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिअँपिअर, अर्थात सामान्य स्थिती, आणि ५ व्होल्ट म्हणजे २० मिलिअँपिअर, अर्थात अलार्म. अनेक बनावटींत शून्याच्या आसपासचा करंट म्हणजे तुटलेली तार, गेलेला पुरवठा किंवा डिटेक्टरच्या आतील गंभीर बिघाड, आणि २ मिलिअँपिअर म्हणजे डिटेक्टरने स्वतःची चाचणी घेतली आणि तो नापास झाला. नेमके आकडे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावेत.

हा फरक अर्धे काम वाचवतो. २ मिलिअँपिअर येत असेल तर केबल शाबूत आहे आणि डिटेक्टर जिवंत आहे. अशा वेळी जंक्शन बॉक्स उघडत बसण्याऐवजी कापड घेऊन काचेकडे जावे. शून्य येत असेल तर काच पुसून काहीही होणार नाही.

तिसरी तपासणी: काच

फॉल्टच्या तक्रारींपैकी सर्वांत मोठा वाटा काचेचा असतो. डिटेक्टरच्या पुढची खिडकी साध्या काचेची नसून सामान्यतः क्वार्ट्झ किंवा सफायरची असते, कारण ज्या तरंगलांबींवर डिटेक्टर काम करतो त्या साधी काच अडवते. तिच्यावर तेलाचा पातळ थर बसला तर डोळ्यांना ती स्वच्छ दिसते, पण अतिनील किरण त्या थरात शोषले जातात. पाण्याचा थर अवरक्त किरणांच्या बाबतीत तेच करतो. किनारपट्टीवर खाऱ्या हवेचा थर बसतो, पेंट शॉपमध्ये उडालेल्या रंगाचा बसतो, आणि पावसाळ्यात डिटेक्टरच्या छत्रीखाली कोळिष्टके होतात किंवा कुंभारमाशी मातीचे घर बांधते. ते घर नेमके खिडकीच्या कडेला बांधलेले असते तेव्हा जमिनीवरून दिसतही नाही, म्हणून खालून दुर्बिणीने पाहून समाधान मानू नये. शिडी किंवा मचाण लावून वर जावे.

पुसण्यासाठी धागे न सुटणारे मऊ कापड आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेले द्रावण वापरावे. बहुधा ते सौम्य साबणाचे पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. कॉटन वेस्ट वापरू नये, कारण त्यातील तेल काचेवर राहते. घरगुती ग्लास क्लीनरही टाळावा. खिडकीइतकाच महत्त्वाचा आणि हमखास विसरला जाणारा भाग म्हणजे समोरचा छोटा परावर्तक. डिटेक्टर आतून किरण सोडतो, ते या परावर्तकावरून काचेतून परत येतात आणि परत आलेल्या किरणांच्या प्रमाणावरून काच स्वच्छ आहे की नाही हे ठरते. काच लख्ख आणि परावर्तक काळवंडलेला असेल तर फॉल्ट तसाच राहतो, आणि मग निष्कारण डिटेक्टरवर संशय जातो. परावर्तक वाकलेला असेल तरी हेच होते. शिडी टेकवताना तो सहज वाकतो.

पुसल्यानंतर लगेच निष्कर्ष काढू नये. स्वयंचाचणी ठराविक अंतराने होते, त्यामुळे फॉल्ट जाण्यास काही मिनिटे लागू शकतात; हाताने चाचणी सुरू करण्याची सोय असल्यास ती वापरावी. महिन्याभरात काच परत घाण होत असेल तर साफसफाईचे अंतर कमी करावे आणि डिटेक्टरचा कोन पाहावा. क्षितिजाला समांतर किंवा किंचित वर पाहणाऱ्या डिटेक्टरच्या काचेवर धूळ आणि पाणी साचते, शिवाय मावळता सूर्यही थेट त्याच्या नजरेत येतो. त्याने नेहमी खाली झुकून पाहावे.

चौथी तपासणी: चाचणीचा दिवा

दिवा नेण्यापूर्वी त्याची बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि तो त्याच प्रकारच्या डिटेक्टरसाठीचा आहे याची खात्री करावी. यूव्ही/आयआर (अतिनील आणि अवरक्त दोन्ही पाहणाऱ्या) डिटेक्टरचा दिवा तीन अवरक्त पट्टे पाहणाऱ्या डिटेक्टरला बहुधा हलवू शकत नाही, आणि अर्ध्या बॅटरीवरचा दिवा चांगल्या डिटेक्टरलाही बाद ठरवतो. दिवा त्या झोनसाठी प्रमाणित असावा. सिगारेट लायटर, पेटता बोळा असले प्रयोग सॉल्व्हंटच्या परिसरात करण्याचा प्रश्नच येत नाही, तरी तसे सुचवणारा एखादा जण भेटतोच, म्हणून हे येथे लिहून ठेवले आहे.

दिव्याने अलार्म आला म्हणजे डिटेक्टर, केबल आणि पॅनेल ही साखळी जोडलेली आहे एवढे सिद्ध होते. आग दिसेलच असे सिद्ध होत नाही. बेंझिन, टोल्युइन यांसारख्या ॲरोमॅटिक सॉल्व्हंटची वाफ अतिनील किरण शोषते. ड्रम फिलिंगच्या शेडमध्ये वायुवीजन कमी असेल आणि डिटेक्टर आणि संभाव्य आगीच्या मध्ये अशी वाफ किंवा दाट धूर असेल, तर काच स्वच्छ, पॅनेलवर सर्व ठीक आणि तरीही डिटेक्टर आंधळा अशी स्थिती येते. काचेपासून हातभर अंतरावर काय आहे ते स्वयंचाचणी पाहतच नाही. अशा जागेसाठी यूव्हीवर अवलंबून नसलेला डिटेक्टर निवडणे हाच उपाय आहे, आणि तो निर्णय देखभाल करणाऱ्याचा नसतो.

पाचवी तपासणी: डिटेक्टरने पाहिले काय?

खोटा अलार्म बहुतेक वेळा खोटा नसतो. डिटेक्टरने जे पाहिले ते त्याच्या नियमांनुसार ज्वालाच होते. म्हणून ते नियम माहीत असावेत. हायड्रोकार्बन जळताना तयार होणारा तप्त कार्बन डायऑक्साइड ४.३ ते ४.५ मायक्रोमीटरच्या आसपास तीव्र अवरक्त किरण सोडतो. सूर्यप्रकाशातील हाच पट्टा वातावरणातील कार्बन डायऑक्साइड बहुतांशी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीवर सूर्य या पट्ट्यात मंद असतो. यूव्ही नळी साधारण १८५ ते २६० नॅनोमीटरमध्ये पाहते, आणि सूर्याचे तेवढ्या कमी तरंगलांबीचे किरण ओझोनचा थर अडवतो. तिसरी खूण लुकलुकण्याची आहे: ज्वाला सेकंदाला काही वेळा फडफडते, तापलेला पाइप फडफडत नाही. तीन पट्टे पाहणारा डिटेक्टर यात भर घालून शेजारच्या दोन पट्ट्यांशी तुलना करतो आणि तप्त वस्तू व ज्वाला यांतील फरक ओळखतो.

आता या खुणांची नक्कल कशी होते ते पाहू. तापलेल्या पाइपसमोर पंखा फिरत असेल, वाफेचे लोट जात असतील किंवा माणसे ये-जा करत असतील, तर स्थिर उष्णता लुकलुकू लागते. साचलेल्या पाण्यावरच्या लाटांवरून परावर्तित होणारा सूर्यही लुकलुकतो. वेल्डिंगचा आर्क आणि चमकणारी वीज भरपूर अतिनील किरण देतात. वेल्डिंगच्या काही रॉडांच्या लेपात सेंद्रिय बंधक असतो आणि तो खरोखरच जळतो, म्हणजे तेथे लहानशी का होईना, ज्वाला असतेच. फ्लेअर स्टॅक (नको असलेला वायू जाळणारी उंच चिमणी) असलेल्या ठिकाणी त्याच्या ज्वालेचे प्रतिबिंब चकचकीत इन्सुलेशन क्लॅडिंगवरून डिटेक्टरपर्यंत पोहोचते. अशा वेळी डिटेक्टर खरीच आग पाहत असतो, फक्त ती त्याच्या हद्दीतील नसते.

यूव्ही/आयआर डिटेक्टरला दोन्ही खुणा एकाच वेळी लागतात, म्हणून तो फसणार नाही असे मानले जाते. एका गॅन्ट्रीवर मात्र असा डिटेक्टर आठवड्यातून एखाद्या वेळी वाजत असे आणि त्याचा मेळ वेल्डिंगशीही लागत नव्हता, टँकरशीही लागत नव्हता. दोन नोंदी एकमेकींवर ठेवल्यावर कारण दिसले: दूरच्या पाइप रॅकवर वेल्डिंग चालू असताना नेमका त्याच वेळी तापलेल्या इंजिनाचा टँकर डिटेक्टरच्या टप्प्यात उभा राहिला तरच अलार्म येत होता. आर्कने अतिनील पुरवले, एक्झॉस्टच्या थरथरत्या उष्णतेने अवरक्त. वेल्डिंगभोवती अग्निरोधक पडदे उभारल्यावर तो अलार्म थांबला. डिटेक्टर बदलला असता तर काहीच साधले नसते.

कारण प्रकाशाचे आहे की विजेचे हे ठरवण्यासाठी झाकणीची चाचणी करावी. अलार्म इनहिबिट करून आणि आगीवर लक्ष ठेवणारा माणूस उभा करून डिटेक्टरवर अपारदर्शक धातूची टोपी चढवावी आणि संशयित काम पुन्हा करू द्यावे, मग ते वेल्डिंग असो किंवा मोटर सुरू करणे असो. टोपीखालीही अलार्म आला तर कारण समोरच्या दृश्यात नसून केबल, शिल्ड (केबलमधील विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे वेष्टन) किंवा पुरवठ्यात आहे. अलार्म आला नाही तर ते दृश्यातच आहे. टोपीमुळे काही बनावटी काचेचा फॉल्ट दाखवतील. तो अपेक्षित आहे. या चाचणीला एकच अपवाद आहे, तो म्हणजे वर सांगितलेली रेडिओग्राफी. काम संपताच टोपी काढून ती परमिटवर 'काढली' असे लिहून घ्यावे, कारण टोपी घातलेला डिटेक्टर म्हणजे नसलेला डिटेक्टर.

सहावी तपासणी: पाणी

पाऊस आणि फॉल्ट यांचा संबंध नोंदीत दिसत असेल तर पुरवठा बंद करून, परमिट घेऊन जंक्शन बॉक्स आणि डिटेक्टरचा टर्मिनल भाग उघडावा. पाणी क्वचितच झाकणातून येते. ते बहुधा केबलवरून उतरत ग्लँडमधून, म्हणजे केबल आत जाते तेथील आवळलेल्या जोडातून, आत शिरते. केबल वरून थेट ग्लँडमध्ये उतरत असेल आणि तिला खाली झोल दिलेला नसेल, तर पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत बरोबर ग्लँडपाशी जमा होते. केबल ग्लँडच्या खालपर्यंत सोडून मग वर वळवली की पाणी त्या झोलावरून गळून पडते. न वापरलेल्या एंट्रीवर प्रमाणित प्लग आहे की साइटवर कोणीतरी प्लॅस्टिकची वाहतुकीची टोपी तशीच ठेवली आहे हेही पाहावे. अशी टोपी पाणीही अडवत नाही आणि स्फोटही अडवत नाही.

टर्मिनलवर हिरवट गंज असेल तर फेरूल (तारेच्या टोकावरच्या धातूच्या नळ्या) कापून नवे लावावेत. केबलचा इन्सुलेशन रोध मेगरने (उच्च व्होल्टेज देऊन रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजायचा असल्यास डिटेक्टर आणि पॅनेल दोन्हीकडून तारा सोडवूनच मोजावा. डिटेक्टर जोडलेला असताना ५०० व्होल्टचा मेगर फिरवला, तर तपासणीपूर्वी चांगला असलेला डिटेक्टर तपासणीनंतर मेलेला सापडतो. झाकण परत लावताना ओ-रिंग आणि फ्लेमप्रूफ आवरणाचे आटे पाहावेत. त्या आट्यांवर पॉलिश पेपर घासू नये, रंग लावू नये, सिलिकॉन भरू नये. उत्पादकाने सांगितलेले ग्रीस लावावे आणि झाकण पूर्ण आवळून त्याचा लॉकिंग स्क्रू बसवावा.

सातवी तपासणी: पहाटेचा फॉल्ट आणि व्होल्टेज

पहाटे येऊन उन्हाबरोबर जाणाऱ्या फॉल्टची कारणे दोन असतात आणि ती एकमेकांसारखी दिसतात. एक म्हणजे काचेवरचे दव. दुसरे म्हणजे ते दव घालवण्यासाठी असलेला हीटर. तापमान उतरले की हीटर सुरू होतो, डिटेक्टर जास्त करंट ओढतो, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतो आणि डिटेक्टर स्वतःच्या किमान मर्यादेखाली जातो. बहुतेक डिटेक्टर २४ व्होल्टचे असले तरी साधारण १८ ते ३२ व्होल्टमध्ये चालतात.

आकडे मांडून पाहू. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम असतो, म्हणजे जाऊन-येऊन २४.२. पॅनेलपासून ४०० मीटरवर, केबलच्या टोकाला, तीन डिटेक्टर आहेत असे धरू. केबलचा एकूण रोध साधारण ९.७ ओहम झाला. हीटर बंद असताना प्रत्येकी ०.१ अँपिअर, म्हणजे एकूण ०.३ अँपिअर, व्होल्टेज पडतो २.९ आणि डिटेक्टरला २१ व्होल्ट मिळतात. सर्व काही ठीक. हीटर चालू झाल्यावर प्रत्येकी ०.२५, म्हणजे एकूण ०.७५ अँपिअर, आता ७.३ व्होल्ट पडतात आणि डिटेक्टरपाशी १६.७ उरतात. तिन्ही डिटेक्टर एकदम फॉल्टमध्ये जातात, आणि दिवसा कोणी मोजायला गेले की सर्व ठीक दिसते. हीच केबल अडीच चौरस मिलिमीटरची असती तर सुमारे १९.६ व्होल्ट मिळाले असते. त्यात वीज जाऊन पॅनेल बॅटरीवर आले आणि बॅटरी २२ व्होल्टपर्यंत उतरली तर हे गणित आणखी बिघडते, आणि वीज जाण्याचा संबंध आगीशीही असू शकतो.

म्हणून व्होल्टेज पहाटेच मोजावा, आणि तो डिटेक्टरच्या टोकाला मोजावा. पॅनेलवरचे २४ व्होल्ट टोकाबद्दल काहीही सांगत नाहीत. हार्ट किंवा मॉडबसवरून डिटेक्टर स्वतःचा व्होल्टेज सांगत असेल तर उत्तम, कारण मग चालू स्थितीत कोणतेही झाकण उघडण्याची गरज पडत नाही. व्होल्टेज पुरेसा असूनही फॉल्ट येत असेल तर तो दवाचा आहे. हीटर चालू होतो का आणि तो सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेला नाही ना, हे पाहावे.

आठवी तपासणी: अर्थ आणि शिल्ड

झाकणीच्या चाचणीत कारण विजेचे निघाले, किंवा पॅनेल अर्थ फॉल्ट दाखवत असेल, तर येथे यावे. पुरवठा अर्थपासून मुक्त असेल तर धन आणि ऋण दोन्ही टोकांचा अर्थशी व्होल्टेज मोजावा. दोन्हीकडे साधारण सारखा, विरुद्ध चिन्हाचा व्होल्टेज मिळाला तर ठीक. एका टोकाचा अर्थशी व्होल्टेज शून्याकडे झुकत असेल तर ती तार कोठेतरी जमिनीला टेकली आहे. नंतर एकेक शाखा सोडवत गेले की दोषी शाखा सापडते.

शिल्ड एकाच टोकाला, सामान्यतः पॅनेलकडे, अर्थ केलेले असावे आणि मधल्या प्रत्येक जंक्शन बॉक्समध्ये अखंड जोडलेले असावे. दोन्ही टोकांना अर्थ झाले की शिल्डमधून करंट वाहू लागतो, आणि वेल्डरने परतीची तार सोयीसाठी कुठल्याही गर्डरला चिमटली असेल तर तो करंट मोठा असतो. वेल्डिंगच्या वेळी येणारा प्रत्येक अलार्म आर्क दिसल्यामुळेच येतो असे नाही, ते यासाठी. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलबरोबर एकाच ट्रेमधून धावणारी डिटेक्टरची केबल हे मोटर सुरू होताना येणाऱ्या अलार्मचे नेहमीचे कारण आहे. ती वेगळ्या ट्रेमध्ये न्यावी लागते.

नववी तपासणी: अदलाबदल

वरील सर्व होऊनही कारण सापडले नाही, तर त्याच मॉडेलचा, त्याच सेटिंगचा चांगला डिटेक्टर त्या जागी लावावा आणि संशयित डिटेक्टर चांगल्या जागी. तक्रार डिटेक्टरबरोबर गेली तर दोष त्याच्यात आहे, जागेवरच राहिली तर जागेत आहे. यूव्ही नळ्या वयाबरोबर बिघडतात आणि समोर काही नसतानाही आपोआप स्पंद देऊ लागतात, त्यामुळे जुन्या डिटेक्टरच्या बाबतीत ही तपासणी निर्णायक ठरते. सेटिंगचे स्विच जुळवूनच अदलाबदल करावी, अन्यथा आपण सेन्सरची नव्हे, सेटिंगची तुलना करत राहतो.

कोठे थांबावे

संवेदनशीलता कमी करणे आणि अलार्मचा विलंब वाढवणे हे दोन स्विच हाताशी असतात आणि त्यांनी खोटा अलार्म थांबतोही. तरीही त्यांना स्वतःहून हात लावू नये. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून संवेदनशीलता घटवून पल्ला निम्मा केला की त्याच अंतरावर डिटेक्टरला दिसण्यासाठी चौपट आग लागते. ०.१ चौरस मीटर हेप्टेनची (चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव इंधनाची) आग ओळखण्यासाठी आखलेली जागा मग ०.४ चौरस मीटरच्या आगीची वाट पाहते, आणि हे पॅनेलवर कोठेही दिसत नाही. हा बदल अग्निसुरक्षेचा आराखडा करणाऱ्याने नव्याने गणित करून, लेखी मंजुरीनेच करावा. डिटेक्टरची जागा किंवा दिशा बदलणे, यूव्ही सोडून दुसऱ्या तंत्राचा डिटेक्टर घेणे, दोनपैकी दोन किंवा तीनपैकी दोन डिटेक्टरांच्या सहमतीचे तर्क बदलणे यांनाही हेच लागू आहे.

खालील स्थितींत काम तेथेच थांबवून उत्पादकाचा प्रमाणित सेवा अभियंता बोलवावा. काच आणि परावर्तक स्वच्छ आहेत, व्होल्टेज पुरेसा आहे आणि तरीही स्वयंचाचणी नापास होते. सेन्सरच्या सीलबंद भागात, काचेच्या आतल्या बाजूला, बाष्प दिसते. फ्लेमप्रूफ आटे गंजले आहेत, तुटले आहेत, किंवा काचेला तडा आहे. अदलाबदलीत दोष डिटेक्टरमध्येच सिद्ध झाला आहे. सेन्सरचा भाग साइटवर उघडू नये, स्थानिक दुकानात काच बदलून घेऊ नये, नळी बदलू नये. धोकादायक क्षेत्रातील उपकरणांना भारतात पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. ही मान्यता विशिष्ट रचनेला दिलेली असते, आणि रचना बदलली की ती उरत नाही. झोनमधील दुरुस्तीसाठी आयएस/आयईसी ६००७९ मालिकेतील वेगळे नियम आहेत आणि ते पाळणारी कार्यशाळा वेगळी असते.

अभियंत्याला बोलावताना त्याच्या हाती मॉडेल आणि अनुक्रमांक, इव्हेंट लॉगची प्रत, पहाटेच्या वेळी टोकाला मोजलेला व्होल्टेज, झाकणीच्या चाचणीचा निकाल आणि डिटेक्टरच्या जागेवरून त्याच्याच दिशेने काढलेला फोटो द्यावा. डिटेक्टर दुरुस्तीला जाईल तेवढ्या काळासाठी त्या जागेवर दुसरा डिटेक्टर किंवा मानवी पहारा कोणी ठेवायचा हे त्याच दिवशी ठरवावे. तो परत बसल्यावर चाचणीचा दिवा दाखवून अलार्म पॅनेलपर्यंत आणि पॅनेलपासून डेल्यूजच्या सोलेनॉइडपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विद्युतचुंबकापर्यंत) पोहोचतो हे पाहावे, इनहिबिट काढावे, आणि शिफ्टच्या वहीतील ती ओळ ज्याने लिहिली होती त्याच्याच सहीने बंद करून घ्यावी.